बाजाराचा पुनर्विकास आणि तुमची गल्ली: हरकत कशावर, कधी आणि कोणाकडे

जुनी मंडई, बंद पडलेले चित्रपटगृह किंवा पडीक झालेले व्यापारी संकुल पाडून तिथे नवी मोठी इमारत येणार असे कळले, की आजूबाजूच्या सोसायट्यांत, चाळींत आणि वाड्यांत तेच प्रश्न सुरू होतात. आमच्या गल्लीतून गाड्या जाणार का? मालाचे टेम्पो कुठे उभे राहणार? रुग्णवाहिका आत येईल का? अर्ज महापालिकेत करायचा, वाहतूक पोलिसांकडे की नगरसेवकाकडे? आणि पत्रे लागली, खोदाई सुरू झाली, म्हणजे आता उशीर झाला का? या प्रश्नांची उत्तरे आहेत. पण बहुतेक रहिवासी ती शोधायला लागतात तेव्हा इमारतीचे जोते वर आलेले असते.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. ‘वाहतूक वाढेल’ हे म्हणणे कितीही खरे असले, तरी हरकत म्हणून ते फारसे उपयोगाचे नाही. परवानगी देणाऱ्या अभियंत्याच्या समोर शहराची वाहतूक नसते, एका भूखंडाचा नकाशा असतो. ‘गर्दी होईल’ या वाक्याला तो ‘नोंद घेतली’ याखेरीज काही उत्तर देऊ शकत नाही. मात्र तळघरातल्या पार्किंगचे प्रवेशद्वार नऊ मीटरच्या गल्लीत न ठेवता मुख्य रस्त्यावर घ्या, माल उतरवण्याची जागा भूखंडाच्या आत दाखवा, अग्निशमन गाडीचा मार्ग मोकळा ठेवण्याची अट परवानगीत घाला, अशी मागणी केली तर तिच्यावर निर्णय घ्यावाच लागतो. नकाशा मंजूर होण्याआधी प्रवेशद्वार हलवायला एक रेघ पुरते. जोते झाल्यावर त्याला लाखो रुपये लागतात आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ते जवळपास अशक्य होते. म्हणून तुमची सगळी ताकद इमारत हवी की नको या वादात न घालता तिची दारे कुठे आणि कधी उघडतील यावर लावा, आणि ती लवकर लावा.

एका भूखंडाची परवानगी, सगळ्या परिसराचा भार

हे का करावे लागते, ते मुंबईच्या गिरणगावाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. त्यानंतर लोअर परळ आणि आसपासच्या भागात मॉल, कार्यालयांचे मनोरे आणि उपाहारगृहे उभी राहिली. एकेका भूखंडाची फाइल स्वतंत्रपणे तपासली गेली. परिसरात येणारी माणसे कित्येक पटींनी वाढली, आणि रेल्वेवरचे पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, डिलाइल रोडचा पूल धोकादायक म्हणून बंद झाला आणि तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. त्या पाच वर्षांत तिथल्या रहिवाशांनी जे सोसले, ते कोणत्याही एका इमारतीच्या मंजुरीच्या कागदात लिहिलेले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की हे मुंबईचे झाले, आमच्या गावात एवढे मोठे काही होत नाही. आकार लहान असेल, पण परवानगीची पद्धत तीच आहे. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर किंवा पुण्याच्या पेठांतले रस्ते तर त्याहून अरुंद आहेत. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि तिच्यातही तपासणीचा केंद्रबिंदू भूखंडच आहे: सामासिक अंतर, चटई क्षेत्र, पार्किंगची संख्या. शेजारच्या शाळेची सुटण्याची वेळ किंवा कोपऱ्यावरचा रिक्षाथांबा त्या तपासणीत आपोआप येत नाही. तो फाइलमध्ये आणायचा असेल तर तुम्हालाच लेखी आणावा लागेल.

आधी प्रस्ताव कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

सगळ्या पुनर्विकासांना एकच अर्ज चालत नाही. जागा कोणाची आहे आणि कोणत्या तरतुदीखाली काम होणार आहे यावर तुमचे दार ठरते.

- महापालिकेची किंवा नगरपालिकेची स्वतःची मंडई. इथे तुमचा हक्क सर्वात मोठा आहे, कारण मालक सार्वजनिक संस्था आहे. क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजाराचे काम महापालिकाच करते. अशा ठिकाणी निर्णय निविदेच्या अटींत होतो. निविदा निघण्याआधी स्थायी समिती, सर्वसाधारण सभा आणि आयुक्तांकडे मागणी पोहोचली पाहिजे.
- खासगी भूखंड, विकास आराखड्याशी सुसंगत वापर. इथे शेजाऱ्यांच्या हरकती मागवणे कायद्याने बंधनकारक नाही. म्हणून कोणी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून निवेदन द्यावे लागते.
- विकास आराखड्यात बदल. आरक्षण उठवणे, रस्त्याची आखणी बदलणे, वापर बदलणे अशा गोष्टींसाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि कोणीही एका महिन्याच्या आत हरकत घेऊ शकतो. ही मुदत चुकवू नका. इतका स्पष्ट हक्क पुढे पुन्हा मिळत नाही.
- समूह पुनर्विकास. भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकरांचा परिसर एकत्र घेतला गेला. अशा योजनेत आतले रस्तेच नव्याने आखले जातात, म्हणून फक्त प्रवेशद्वारावर न थांबता रस्त्यांची रुंदी, पदपथ आणि सार्वजनिक वाटा यांची मागणी करता येते.

कागद मिळवल्याशिवाय पत्र लिहू नका

ऐकीव माहितीवर लिहिलेले निवेदन पहिल्याच बैठकीत कोसळते. विकासकाचा प्रतिनिधी नकाशा उघडतो, तुम्ही म्हणता तसे काहीच त्यात नसते आणि तुमच्या उरलेल्या खऱ्या मुद्द्यांचेही वजन जाते. म्हणून सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जाने करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून अग्निशमनाचे कागद आणि इमारत परवानगीचे कागद वेगवेगळ्या अर्जांनी मागा. ‘परवानगी का दिली?’ असे विचारू नका. या कायद्याखाली कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. फाइल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगीही त्याच अर्जात मागा. नकाशाची छोटी छायाप्रत वाचता येत नाही, मूळ पत्रक डोळ्यांनी पाहिलेले बरे.

मागायचे कागद हे:

- तळमजल्याचा आणि तळघराचा नकाशा, रॅम्प व प्रवेश-निर्गमनाच्या जागांसह;
- पार्किंगचा आराखडा आणि त्यावर वाहतूक खात्याचा अभिप्राय किंवा सल्लागाराचा अहवाल असल्यास तो;
- मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचे ना हरकत पत्र, सर्व अटींसह;
- प्रारंभ प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेल्या अटींची यादी;
- समोरच्या रस्त्याची विकास आराखड्यातील रुंदी व रस्तारुंदीकरणाची रेषा.

शेवटच्या कागदाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि खरी गोम अनेकदा तिथेच असते. किती चटई क्षेत्र व किती हस्तांतरणीय विकास हक्क वापरता येतील, हे आपल्या नियमावल्यांमध्ये समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे. रस्ता आराखड्यात अठरा मीटरचा दाखवलेला असतो आणि प्रत्यक्षात, रुंदीकरणाची जमीन कधीच ताब्यात न आल्यामुळे, अकरा मीटरचा असतो. टेप घेऊन रस्ता पाच ठिकाणी मोजा, छायाचित्रे काढा आणि तफावत लिहून द्या. तुमच्या संपूर्ण निवेदनात याहून वजनदार पुरावा क्वचित असेल.

‘व्यावसायिक गोपनीयता’ सांगून नकाशा नाकारला गेला तर गप्प बसू नका. कलम १० प्रमाणे वगळण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यावा लागतो. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील आणि त्यांच्या निर्णयानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाकडे वेळ लागतो, म्हणून तोवर दुसऱ्या वाटा वापरा. गाळे विकले जाणार असतील तर प्रकल्पाची नोंद महारेराच्या संकेतस्थळावर असते आणि मंजूर कागद तिथे कोणालाही पाहता येतात. मॉल पूर्णपणे भाड्याने द्यायचा असेल तर अशी नोंदणी नसूही शकते. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिची कागदपत्रे परिवेश संकेतस्थळावर असतात.

स्वतः मोजा

‘आम्ही सामान्य माणसे, सल्लागारांच्या जाड अहवालापुढे आमची वही काय टिकणार?’ असा संकोच अनेकांना वाटतो. तो सोडून द्या. सल्लागाराने मोजणी कोणत्या दिवशी आणि कोणत्या तासाला केली हे त्याच्या अहवालात असते. ती मंगळवारी दुपारी केलेली असेल, तर शनिवारी संध्याकाळची तुमची नोंद त्या अहवालातली उणीव दाखवून देते. मोजणीची रीत मात्र त्यांचीच वापरा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, म्हणजे आयआरसी १०६ मध्ये, प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या एककात रूपांतर केले जाते. एखाद्या प्रकारची वाहने एकूण वाहनांच्या दहा टक्के किंवा जास्त असतील तर दुचाकीला ०.७५, रिक्षाला २ आणि मोटारीला १ असा भार धरतात. टेम्पोसारखी हलकी मालवाहने पाच टक्क्यांपर्यंत असतील तर १.४.

एक उदाहरण घ्या. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तासाभरात ८०० दुचाकी, २०० मोटारी, १५० रिक्षा आणि ५० टेम्पो गेले. दुचाकींचे ६००, मोटारींचे २००, रिक्षांचे ३०० आणि टेम्पोंचे ७०, असे एकूण १,१७० एकक झाले. दोन्ही बाजूंना घरे-दुकाने, कडेला उभी वाहने आणि सतत रस्ता ओलांडणारी माणसे असलेल्या दोन पदरी, दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यासाठी त्याच सूचनांमध्ये ताशी ९०० एककांची मर्यादा सुचवलेली आहे. म्हणजे नवा बाजार उघडण्याआधीच रस्ता भरलेला आहे. आता तुमच्या निवेदनात ‘गर्दी होईल’ असे न लिहिता ‘या रस्त्याची सुचवलेली क्षमता इतकी, आजचा भार इतका, म्हणून पार्किंगचे दार या रस्त्यावर नको’ असे लिहिता येईल. या वाक्याला उत्तर द्यावेच लागते.

मोजणी तीन वेळांना करा: कामाच्या दिवशी सकाळी शाळा-कार्यालयांच्या वेळेत, शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी, आणि जमल्यास दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात. दोघांनी बसून दोन्ही दिशांची नोंद घ्यावी आणि वरून मोबाइलवर चित्रीकरण ठेवावे. पायी चालणाऱ्यांना विसरू नका. आयआरसी १०३ नुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद अडथळामुक्त पट्टा हवा. तो आज आहे का, आणि नव्या इमारतीचा रॅम्प त्याला कुठे छेद देणार, हे नकाशावर खूण करून दाखवा. चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्या माणसाला आणि बाळगाडी ढकलणाऱ्या आईला तो छेद म्हणजे रोजचा धोका असतो.

दार, रांग आणि टेम्पो: मागण्या नेमक्या कशा असाव्यात

सर्वात मोठा गैरसमज पार्किंगच्या संख्येबद्दल आहे. पार्किंग भरपूर असले की रस्ता मोकळा राहील असे रहिवाशांना वाटते, विकासकही तेच सांगतो, आणि सभेत सगळे त्यावर समाधानी होतात. जागा पुरेशा असाव्यात यात वाद नाही. पण रस्ता अडतो तो आत शिरण्याच्या वेगामुळे. दारावरच्या अडसरापाशी एका मोटारीला पंधरा सेकंद लागतात असे धरले तर तासाला २४० मोटारी आत जातात. शनिवारी संध्याकाळी तासाला ३०० आल्या तर तासाअखेर ६० बाहेर उरतात, आणि एका मोटारीला सहा मीटर धरले तर ती रांग ३६० मीटर लांब होते. त्या वेळी तळघर निम्मे रिकामे असले तरी तुमच्या गल्लीला त्याचा काही उपयोग नसतो. उलट जागा जितक्या जास्त, तितक्या जास्त मोटारी त्या दाराकडे वळतात. म्हणून मागणी अशी करा: अडसर रॅम्पच्या खालच्या टोकाला बसवावा, रांग भूखंडाच्या आत मावेल एवढी लांबी सोडावी, आत जाण्याचे आणि बाहेर पडण्याचे दार वेगळे असावे, आणि दोन्ही चौकापासून दूर असावीत. ही मागणी विकासकाच्याही हिताची आहे, कारण रांगेत कंटाळलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी येत नाही.

दुसरा प्रश्न मालाचा. कपडे, किराणा, भाजी, उपाहारगृहांचे सिलिंडर, सगळे कुठून तरी येणार. नियमावल्या मालवाहनांसाठी भूखंडात वेगळी जागा मागतात. पण ती नकाशावर असते आणि प्रत्यक्षात तिथे कालांतराने दुकान थाटले जाते किंवा मोटारी उभ्या राहतात. मग छोटे हत्ती गल्लीत उभे राहून माल उतरवतात. तुमची मागणी जागेची तर असावीच, शिवाय वेळेचीही असावी. इथे व्यापाऱ्यांचा आक्षेप येतो की रहिवाशांना आमचा धंदाच नको आहे. तो गांभीर्याने घ्या आणि त्यांच्याशी आधी बोला. जुन्या बाजारातला गाळेधारक वर्षानुवर्षे तुमचाच शेजारी आहे, त्याची रोजी तिथे आहे, आणि अडकलेल्या टेम्पोचे भाडे त्यालाही भरावे लागते. सकाळचे दोन आणि दुपारचे दोन तास अशी वेळ दोघांनी मिळून ठरवली आणि संयुक्त पत्र दिले, तर वाहतूक शाखेला ती अधिसूचनेत आणणे सोपे जाते. रात्री माल उतरवा असे मात्र घाईने सुचवू नका. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि लोखंडी शटरचा आवाज तुमच्याच मुलांच्या झोपेत येईल.

तिसरी मागणी आगीची, आणि तिच्यात तडजोड करू नये. २२ ऑक्टोबर २०२० च्या रात्री मुंबईत नागपाड्याजवळच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली, ती विझवायला दोन दिवसांहून अधिक लागले आणि शेजारच्या मनोऱ्यातल्या सुमारे साडेतीन हजार रहिवाशांना रात्रीतून बाहेर काढावे लागले. मॉलची आग ही मॉलपुरती नसते हे त्या रात्री दिसले. म्हणून अग्निशमनाच्या ना हरकत पत्रातल्या अटी वाचताना दोन गोष्टी तपासा: मोठी गाडी वळू शकेल असा मोकळा मार्ग इमारतीभोवती आहे का, आणि तुमच्या इमारतीपर्यंत पोहोचण्याचा आजचा मार्ग नव्या कुंपणाने किंवा पार्किंगने बंद होतो का. दुसऱ्या गोष्टीकडे प्रकल्पाची फाइल बघणारा अधिकारी आपणहून पाहील असे गृहीत धरू नका. अग्निशमन दलाला लेखी कळवून प्रत्यक्ष पाहणीची विनंती करा.

जुनी वाट बंद होत असेल तर

अनेक मंडयांच्या आवारातून मागच्या वस्तीला जाणारा बोळ असतो. नव्या नकाशात तो बहुधा नसतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे २० वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर हक्क सिद्ध होऊ शकतो; जागा सरकारी असेल तर ही मुदत ३० वर्षांची. मालकाच्या परवानगीने वापरलेली वाट यात बसत नाही, म्हणून ‘वापरू देत आहोत’ अशा मजकुराच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. नगर भूमापनाचा जुना नकाशा, मिळकत पत्रिका, जुनी छायाचित्रे, त्या वाटेवरचे महापालिकेचे दिवे आणि गटार यांचे पुरावे आत्ताच गोळा करा. पाडकाम झाल्यावर ते पुरावे जमिनीबरोबर नाहीसे होतात.

कोणाकडे, कोणत्या मुदतीत

निवेदन एकाच वेळी चार ठिकाणी द्या: नगररचना किंवा इमारत परवानगी विभाग, महापालिकेचे वाहतूक नियोजन पाहणारे खाते, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल. प्रत्येक प्रतीवर तारखेसह पोच घ्या. एकाच मजकुराची शंभर पत्रे फाइलमध्ये एक म्हणूनच धरली जातात. त्यापेक्षा शाळा, दवाखाना, रिक्षा संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी आपापल्या अडचणीची वेगवेगळी पाच पत्रे दिली तर पाच मुद्दे नोंदले जातात. बैठकीत विकासकाने ‘तुमचे दार हलवतो’ असे तोंडी सांगितले तर आभार माना आणि ती गोष्ट प्रारंभ प्रमाणपत्राची अट म्हणून घालण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करा.

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांमध्ये एक संधी फार कमी लोक वापरतात. बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, म्हणून तिथे आपल्याला काही करता येत नाही असे मानले जाते. पण २००६ च्या अधिसूचनेला जोडलेल्या प्रपत्र १-अ मध्ये प्रकल्पामुळे पार्किंगचा तुटवडा होईल का, आणि प्रवेश व निर्गमनाच्या जागी वाहतुकीचे व्यवस्थापन कसे करणार, हे विकासकाला थेट विचारलेले आहे. त्याने काय लिहिले ते वाचा, तुमच्या मोजणीशी ताडून पाहा आणि तफावत राज्यस्तरीय मूल्यांकन समितीला लेखी कळवा, मंजुरी होण्याआधी. मंजुरी मिळाल्यावर तिची जाहिरात दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. मंजुरी कळल्यापासून ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते, त्यापुढे नाही.

इमारत परवानगीविरुद्ध शेजाऱ्याला अपील करता येते असा समज आहे, तो चुकीचा आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खालचे अपील फक्त अर्जदारासाठी आहे. तुमच्यासाठी दोन मार्ग उरतात. मंजूर नकाशाबाहेर काम होत असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ५२ व ५३ खाली कारवाईची तक्रार. आणि परवानगीच नियमबाह्य असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. याचिकेला ठरावीक मुदत नसली तरी चार मजले उठेपर्यंत थांबलेल्या माणसाला न्यायालय ‘इतके दिवस काय केले?’ असे विचारते, आणि त्या वेळी तारखेची पोच असलेली निवेदनेच उपयोगी पडतात. मग सरळ काम थांबवण्याचीच मागणी का करू नये, असे काहींना वाटेल. जिथे रस्ताच अपुरा आहे किंवा नियमांचा भंग आहे तिथे जरूर करावी. पण आराखड्यात व्यापारी वापर मान्य असलेल्या जागेवर केवळ वाहतुकीच्या कारणाने काम कायमचे थांबेल अशी आशा धरली, तर दोन-तीन वर्षे त्यात जातात आणि अटी घालून घेण्याची वेळ निघून जाते.

बांधकाम चालू असताना

ही तीन-चार वर्षेच अनेक कुटुंबांना सर्वात जड जातात. डंपर कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या वेळेत येतील, पत्रे पदपथ सोडून लावले आहेत का, चाके धुऊन गाड्या बाहेर पडतात का, जुन्या गाळेधारकांचे तात्पुरते गाळे रस्त्यावर थाटले जाणार आहेत का आणि थाटले तर किती काळासाठी, हे काम सुरू होण्याआधी लेखी मागून घ्या. तात्पुरत्या गाळ्यांच्या परवानगीत अखेरची तारीख असलीच पाहिजे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अवजड वाहने बंद ठेवण्याची विनंती मुख्याध्यापकांच्या सहीने वाहतूक शाखेला द्या. सार्वजनिक वाट अडवली गेली आणि महापालिका हलली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अडथळा हटवण्यासाठी अर्ज करता येतो. तुमच्या सोसायटीचे आवार वाहने वळवण्यासाठी किंवा साहित्य ठेवण्यासाठी कोणी मागितले, तर सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय आणि मुदत लिहिल्याशिवाय संमती देऊ नका.

इमारत पूर्ण होत आली की भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जावर लक्ष ठेवा. प्रारंभ प्रमाणपत्रातल्या अटींची यादी घेऊन दोन-तीन जणांनी जागेवर जा: अडसर रॅम्पच्या तळाशी आहे का, माल उतरवण्याच्या जागेत भिंत उठली आहे का, पदपथ सलग आहे का, अग्निशमनाच्या मार्गावर कुंड्या किंवा जनित्र बसवले आहे का. जे राहिले असेल त्याची छायाचित्रे जोडून, अट पूर्ण होईपर्यंत प्रमाणपत्र देऊ नये असे पत्र इमारत परवानगी विभागाला आणि अग्निशमन दलाला द्या. हे पत्र प्रमाणपत्र निघण्याआधीच्या तारखेचे असले पाहिजे.